अळणी लाकूड

मंडळी, परवा रात्री साडेनऊला नातीचा फोन आला. एरवी या वेळी ती "आजी, जेवलीस का? गोळी घेतलीस का?" एवढंच विचारते आणि ठेवून देते. परवा मात्र सुरुवातच अशी, "आजी, अळणी लाकूड असं म्हणतात का गं मराठीत?"

मी म्हटलं, "लाकूड कोण खातंय?"

झालं होतं असं की ती हल्ली माहितीपटांची सबटायटल्स मराठीत करते. जुन्या शिडाच्या जहाजांवरचा माहितीपट होता. त्यात 'अनसीझन्ड टिंबर' असा शब्द आला. संगणकाने आधी एक भाषांतर करून दिलेलं असतं, ते हिने तपासायचं. तर संगणकाने लिहिलं होतं, 'जहाज अळणी लाकडाचे होते.' आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतून मुलगा बघायला आला.

हसून झालं, फोन ठेवला, पण शब्द काही डोक्यातून जाईना. आम्ही पडलो मराठी माध्यमवाले. बी.ए.ला इतिहास आणि मराठी. इंग्रजी शब्द आमच्याकडे नेहमी पाहुण्यासारखा येतो. घरचा नसतो म्हणूनच आपण त्याला नीट न्याहाळतो. म्हटलं, बघू या तरी की मिठाची आणि लाकडाची गाठ पडली कुठे. दोन दिवस त्यातच गेले. जे हाती लागलं ते लिहिते. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी आपल्या घरचं. 'अळणी' हा शब्द संस्कृत 'अलवण'वरून आला. लवण नाही ते अळणी. लोणच्यातही तेच लवण आहे. (लोण्यात मात्र नाही हं, लोणी हे नवनीत. वर्गात दरवर्षी कोणीतरी फसायचंच.) म्हणजे आपला शब्द अगदी नेमका आहे. मीठ नसेल तरच अळणी. तिखट-मसाला कमी पडला तर सपक, चवच नसेल तर मिळमिळीत, पाणी जास्त झालं तर पाणचट. माझं जेवण रक्तदाबापायी गेली तीन वर्षं अळणीच असतं, पण ते सपक आहे असं सूनबाईंना कोणी म्हणून बघावं! लसूण, मिरं, लिंबू यांचा ती असा काही मारा करते की मिठाची आठवण अर्धीच उरते.

इंग्रजीत या सगळ्यांना मिळून 'अनसीझन्ड' चालतो. मीठ नाही, मसाला नाही, फोडणी नाही, सगळं त्यातच. आता 'सीझन' म्हणजे तर ऋतू. ऋतूचा आणि मिठाचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो शेतातून आलेला आहे. लॅटिनमध्ये 'सातिओ' म्हणजे पेरणी. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'सेझाँ' आला. आधी पेरणीची वेळ, मग कोणत्याही कामाची योग्य वेळ, मग ऋतू. त्याचंच क्रियापद झालं ते 'वेळेवर पिकू देणे' या अर्थाचं. फळ झाडावर आपल्या वेळेने पिकलं की त्याला गोडी येते. म्हणून पिकवणं म्हणजे चव आणणं. आणि ऋतूच्या हातून जी चव येते, ती स्वयंपाकघरात आपण चिमटीने आणतो, म्हणून मीठ-मसाला घालणं हेही 'सीझन' करणं. मला ही साखळी फार आवडली. मिठाची चिमूट म्हणजे थोडक्यात उरकलेला एक ऋतू!

एकदा 'ऋतू खाल्लेला' हा अर्थ ठरला की पुढचं सोपं. लाकूड तोडून रचून ठेवलं, उन्हाळे-पावसाळे खाऊन त्यातला ओल गेला, ते सीझन्ड. सैनिक दोन-चार मोहिमा पाहून आला, तो सीझन्ड. बिडाचा तवा तेल लावून, तापवून तयार केला, तोही सीझन्डच. ज्याचं हे काही झालेलं नाही ते सगळं अनसीझन्ड.

आपण मराठीत काय म्हणतो? "मी तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत." आजोबांचं हे वाक्य कोणत्या घरात नाही? बघा, इंग्रज ऋतू म्हणतो, आपण पावसाळा म्हणतो. गोष्ट एकच. आणखी एक आपलं खास क्रियापद म्हणजे 'मुरणे'. लोणचं मुरतं, पाऊस जमिनीत मुरतो, माणूस राजकारणात मुरतो, आणि कुठे काही संशय आला की पाणीही मुरतं. मला वर्षानुवर्षं वाटत होतं की 'मुरब्बी' हा शब्दही या मुरण्यातूनच आला. नाही! तो अरबीतून आला आहे. 'मुरब्बी' म्हणजे वाढवणारा, जोपासणारा. आणि त्याच धातूपासून 'मुरब्बा', म्हणजे जोपासलेला, राखलेला. आपला मुरांबा तो हाच. म्हणजे मुरब्बी हा करणारा आणि मुरांबा हा केलेला. बत्तीस वर्षं मास्तरकी केली आणि मी कोण होते हे मला परवा कळलं.

आणि एक गंमत. आपला 'हंगाम'ही ऋतूच, फारसीतून आलेला. पण 'हंगामी' म्हणजे काय? तात्पुरता! इंग्रजीत ऋतूच्या शब्दातून निघालेला माणूस पक्का झाला, आपल्याकडे तो कच्चा राहिला. पहिली दोन वर्षं मी स्वतः हंगामी शिक्षिका होते. दर मे महिन्यात नोकरी जायची, जूनमध्ये मिळाली तर मिळायची. असो. या हंगामाकडे मला पुढे परत यायचं आहे.

आधी जहाजाचं लाकूड. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडचं सगळं बळ आरमारात होतं आणि आरमार ओकच्या लाकडात. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका जहाजाला दोन हजारांच्या आसपास झाडं लागत. तोडलेला ओक हवेवर सुकवायचा तर जुन्या सुतारांचा हिशेब असा की जाडीच्या दर इंचाला एक वर्ष. युद्ध तोंडावर आलेलं असताना एवढी वर्षं थांबणार कोण? मग ओल्या फळ्याच ठोकायच्या. ओली फळी वरून चांगली दिसते. नवीन दाराला पहिल्या पावसाळ्यात पीळ पडतो, ते फुगून बसतं आणि आपण सुताराच्या नावाने बोटं मोडतो, तसंच हे. फक्त तिथे आत माणसं असायची आणि खाली समुद्र.

सॅम्युएल पेपिस हे नाव रोजनिशीमुळे पुष्कळांना माहीत असेल. हा गृहस्थ आरमार खात्याचा सचिव होता. १६७७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने तीस नव्या जहाजांसाठी पैसे मंजूर केले. काही वर्षांनी पेपिसने ती जहाजं पाहिली, तेव्हा ती समुद्रावर न जाताच बंदरात उभ्या उभ्या कुजत होती. आत हवा खेळवलेली नव्हती, फळ्या सडल्या होत्या. त्यातल्या मोठ्या जहाजांतून आपण स्वतःच्या हाताने मुठीएवढाली भूछत्रं गोळा केली, असं त्याने १६९० साली छापलेल्या आपल्या हकिगतीत लिहून ठेवलंय. मूठभर अळंब्या हातात घेऊन उभा राहिलेला खात्याचा सचिव माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सरकारी अहवाल असावा तर असा!

पण शहाणपण टिकत नाही. १८१० साली, नेपोलियनशी लढाई चालू असताना, 'क्वीन शार्लट' नावाचं १०४ तोफांचं जहाज पाण्यात उतरवलं आणि एक-दोन वर्षांतच त्याला बुरशीने असं पोखरलं की दुरुस्तीला काढावं लागलं. 

त्याच १८१० साली आपल्या मुंबईच्या गोदीतून 'मिंडेन' निघालं. ब्रिटिश बेटांबाहेर बांधलेलं त्यांच्या आरमाराचं हे पहिलं मोठं लढाऊ जहाज. बांधणारे पारशी वाडिया, आणि लाकूड मलबारचा साग. वाडियांचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईत आले, आणि पुढे पिढ्यान् पिढ्या त्या घराण्याने गोदी सांभाळली. सागात अंगचंच तेल असतं, त्यामुळे तो कीड आणि कूज दोन्हींना दाद देत नाही, आणि ओकसारखा लोखंडी खिळेही खात नाही. ओला साग पाण्यावर तरंगत नाही, म्हणून ब्रह्मदेशात तर उभ्या झाडाच्या सालीला बुंध्याशी गोल खाच पाडून ते दोन-तीन वर्षं जागच्या जागी वाळू देत आणि मगच तोडून नदीत सोडत. म्हणजे झाड उभं असतानाच त्याचे ऋतू मोजायला सुरुवात.

मुंबईच्या या जहाजांची नावं इतिहासात जिथे तिथे भेटतात. १८१३ च्या 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ साली चीनने नानकिंगच्या तहावर सह्या केल्या आणि हाँगकाँग गेलं. १८१७ मध्ये जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या संग्रहालयात पाण्यावर उभं आहे. दोनशेहून जास्त वर्षं! नातीच्या माहितीपटात हेच जहाज होतं. कुजलेल्या ओकच्या जहाजांचा उल्लेख तुलनेसाठी आला होता, आणि त्यांनाच संगणकाने अळणी ठरवलं होतं.

इथवर मी मजेत होते. मग तोच शब्द माणसांना लावलेला दिसला.

पहिल्यांदा भेटला तो शेक्सपियरमध्ये. 'ऑल्स वेल दॅट एंड्स वेल' हे त्याचं नाटक १६०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं, छापलं गेलं १६२३ मध्ये. सुरुवातीलाच एक आई आपल्या तरुण मुलाला राजाच्या दरबारी पाठवते आहे. बरोबरच्या वृद्ध सरदाराला ती म्हणते की माझा मुलगा दरबारात अजून 'अनसीझन्ड' आहे, तुम्ही त्याला चार गोष्टी सांगा. थोडं आधी तीच बाई एका मुलीच्या अश्रूंना खारं पाणी म्हणते, गुण मुरवून टिकवणारं. म्हणजे लेखकाच्या डोक्यात तेव्हा लोणच्याची बरणी होतीच. पण आईच्या तोंडी तो शब्द कसा गोड वाटतो! पोर अजून मुरलेलं नाही हो, सांभाळून घ्या. एस.टी.त बसवून देताना कंडक्टरला सांगतात ना, तसं.

हे नाटक लिहून झालं त्याच सुमारास, मे १६०७ मध्ये, १०४ इंग्रज अमेरिकेच्या किनाऱ्यावर व्हर्जिनियात उतरले आणि त्यांनी जेम्सटाउन वसवलं. पुढच्या जानेवारीपर्यंत त्यांतले ३८ उरले. नदीच्या मुखाजवळची दलदलीची जागा, उन्हाळ्यात नदीचं पाणी ओसरलं की समुद्राचं पाणी आत शिरायचं, आणि प्यायला तेच मचूळ पाणी. हगवण, विषमज्वर, पुढे मलेरिया. त्यानंतरही दरवर्षी जहाजं येत राहिली आणि नवी माणसं पहिल्या उन्हाळ्यात मरत राहिली. या पहिल्या आजारपणाला तिथे नाव पडलं 'सीझनिंग'. त्यातून जो उठला तो सीझन्ड.

आपल्या मुंबईचीही तेव्हा तीच कीर्ती होती. जॉन ओव्हिंग्टन नावाचा पाद्री १६८९ साली जहाजाने इकडे यायला निघाला. मुंबईत माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी म्हण इथल्या इंग्रजांत असल्याचं त्याने नोंदवलंय. त्याच्या जहाजातून आलेल्या चोवीस प्रवाशांपैकी वीस पहिल्या पावसाळ्यातच पुरले. इथेही पुन्हा पावसाळेच मोजायचे!

फरक एवढाच की मुंबईला येणारा बराचसा आपल्या हिशेबाने, नशीब काढायला येत होता. व्हर्जिनियाला येणारे बहुतेक करारावरचे गडी. जहाजाच्या भाड्यापोटी चार-सात वर्षं तंबाखूच्या मळ्यात राबायचं लिहून दिलेले गरीब तरुण पोर. पहिल्या वर्षी मेला तर करार संपला, आणि मालक पुढच्या जहाजाकडे बघायला मोकळा.

१६७० साली लंडनच्या वसाहत खात्याने व्हर्जिनियाचा गव्हर्नर सर विल्यम बर्कली याला प्रश्नावली पाठवली. त्याची उत्तरं १६७१ ची आहेत. शाळा तपासणीच्या वेळी आम्ही भरायचो तसलेच तक्ते. लोकसंख्या किती, गुलाम किती, नवीन माणसं किती येतात, किती मरतात. बर्कली सांगतो, एकूण चाळीस हजारांवर माणसं, त्यांत दोन हजार काळे गुलाम, सहा हजार करारावरचे ख्रिस्ती नोकर. दरवर्षी दीडेक हजार नोकर नवे येतात. मृत्यूंची नोंद ठेवणारं कार्यालयच नाही, तेव्हा नक्की आकडा देता येत नाही. एवढं मात्र सांगता येतं, की 'अनसीझन्ड हात' हल्ली फारसे मरत नाहीत. पूर्वी पहिलं वर्ष पाचांत एकसुद्धा पार करत नसे. आणि या 'अनसीझन्ड हात' शब्दांपुढे त्याने कंसात सांगून ठेवलंय की आम्ही त्यांना असं म्हणतो.

मी हे तीनदा वाचलं. माणसं नाहीत, हात. कामाला चार हात हवेत असं आपणही म्हणतो, त्यात काही वाकडं नाही. पण हात मेले असं आपण म्हणत नाही. आणि मेले का? पाणी घाण होतं म्हणून नाही, भर उन्हाळ्यात उतरवून दुसऱ्या दिवशी मळ्यात जुंपलं म्हणून नाही. ते 'अनसीझन्ड' होते म्हणून. ओली फळी फाटली की दोष फळीचा. ज्याने घाईने ठोकली त्याचं नाव पेपिसने निदान शोधायचा प्रयत्न तरी केला. इथे तेवढंही नाही.

याच उत्तरांत शेवटी धर्मशिक्षणाबद्दल प्रश्न होता. त्यावर बर्कली लिहितो की देवाचे आभार, इथे मोफत शाळा नाहीत आणि छापखानाही नाही, आणि अजून शंभर वर्षं होऊ नयेत अशी आशा आहे. विद्येने आज्ञाभंग वाढतो म्हणे! पाच वर्षांनी, १६७६ मध्ये, शाळांवाचूनच त्याच्याविरुद्ध बेकनचं बंड झालं, राजधानी जेम्सटाउन जळाली, आणि १६७७ साली याला परत बोलावलं गेलं. लंडनला पोचून तो थोड्याच दिवसांत वारला. शाळामास्तरीण म्हणून मला इथे जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तोवर हा शब्द कॅरिबियन बेटांवर पोचला होता, आणि तिथे त्याचं जे झालं ते लिहायला हात जड होतो. बार्बाडोस, जमैका, उसाचे मळे. आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेल्या माणसांना पहिली एक ते तीन वर्षं 'सीझन' करत. नवं नाव द्यायचं, मालकाची भाषा शिकायला लावायची, जुन्या गुलामांच्या हाताखाली कामाला घालायचं, आणि फटके. या मुदतीत पाव ते एक तृतीयांश माणसं मेली असावीत, असे इतिहासकारांचे अंदाज आहेत. उरलेल्यांची किंमत वाढे. सीझन्ड माणूस महाग, अनसीझन्ड स्वस्त. बाजारात लाकडाचा भाव असतो तसा. मघाशी मी म्हटलं होतं की मिठाची चिमूट म्हणजे थोडक्यात उरकलेला ऋतू. इथे ऋतू उरकायला चाबूक होता.

ब्रिटिशांनी १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला, १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. ऊस मात्र उभाच होता. १८३४ पासून मॉरिशसला हिंदुस्थानातून करारावरचे मजूर जायला लागले, पुढच्या नऊ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास. बरेचसे कलकत्ता आणि मद्रासहून, पण मुंबई बंदरातूनही गेले, त्यांत आपल्या कोकणातले होते. तिथले मराठी लोक आजही गणपती बसवतात. तिथल्या कागदोपत्री पाच वर्षांचा करार पुरा केलेला तो 'जुना' आणि बाकी सगळे 'नवे'. शब्द बदलला, पावसाळे मोजणं तेच.

आता इंटरनेटवर हा शब्द शोधा, तर पहिल्यांदा दिसतात ते विनोद. अमेरिकेतले काळे लोक गोऱ्यांच्या कोंबडीला अनसीझन्ड म्हणून हसतात, मीठ नाही, मसाला नाही, नुसती उकडलेली! ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना कोणी 'सीझन' केलं होतं, त्यांच्या स्वयंपाकाची चव आज सगळ्या अमेरिकेला लागली आहे, आणि तो शब्द आता त्यांच्या ताब्यात आहे. हसू दे त्यांना. मीही हसले.

पण काल दुपारी डोळा लागेना. बर्कलीचं ते कंसातलं 'आम्ही असं म्हणतो' मनातून जाईना, कारण आम्हीही म्हणत होतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी मराठवाड्यातल्या एका गावी शिकवत होते. गावातली निम्मी घरं दसरा-दिवाळी झाली की कुलूप लावून ऊसतोडीला जात. घाटाखालच्या कारखान्यांवर. नवराबायको मिळून एक कोयता, पोरं बैलगाडीत. परत यायची ती अक्षय्यतृतीयेच्या आगेमागे. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. जूनमध्ये यायचा, पाटी पुसून तयार. श्रावणापर्यंत पाढे पाठ, भागाकारापर्यंत गाडी यायची, आणि दिवाळीनंतर बाकावर जागा रिकामी. पुढच्या जूनला पुन्हा पहिल्यापासून. वार्षिक परीक्षेला तो कधी नसेच. तरी प्रगतिपुस्तक भरायचंच असे. मी त्यात माझ्या वळणदार अक्षरात शेरा लिहिला होता, 'अभ्यासात कच्चा. घरी लक्ष द्यावे.'

घराला तर कुलूप होतं. ते मला माहीत होतं. रोज शाळेत जाताना त्याच कुलपावरून मी जात होते. तरी लिहिलं. सगळेच लिहायचे, आधीच्या गुरुजींनी हेच लिहिलं होतं, मी फक्त तारीख बदलली. त्याचा हंगाम कारखान्याने घेतला आणि कच्चेपणा मी त्याच्या नावावर मांडला. पुढे कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही नुसत्या कागदावर. तोपर्यंत तो पाचवीतून गेलाच होता. आता पन्नाशी ओलांडली असेल त्याची. ते प्रगतिपुस्तक त्याच्या आईने पत्र्याच्या पेटीत ठेवलं असेल तर अजून असेल. माझी सही आहे त्यावर.

संध्याकाळी नातीला फोन केला. म्हटलं, लाकडाला 'ओलं लाकूड' लिही, सुताराला विचार, तोही हेच म्हणेल. ती म्हणाली, "न मुरलेलं?" मी म्हटलं, ओलंच बरं, छोटा आहे, पडद्यावर दोन सेकंदांत वाचून होतो. मग तिने सांगितलं की पुढच्या भागात व्हर्जिनिया आहे, आणि त्यात माणसांना हाच शब्द आहे, 'अनसीझन्ड हॅंड्स'. तिथे काय लिहू?

मी 'नवखे' सुचवला. मग वाटलं, यात सगळा नवखेपणाचाच दोष येतो. 'कच्चे' तर मी लिहूच देणार नव्हते. बर्कलीनेच तसं म्हटलेलं आहे, तेव्हा आपण गोड करून देणंही बरोबर नाही, असं तिचं म्हणणं, आणि तेही खरंच आहे. अर्धा तास घासाघीस चालली. शेवटी 'नव्याने उतरवलेले मजूर' इथे येऊन आम्ही थांबलो. तीन शब्द होतात, तिच्या हिशेबाने एक जास्त. उद्या ती मोजून बघणार आहे, बसतात का.